होती ती

शेपटीच्या गोंड्याचे केस मुळासकट लागतात,
तीस तरी.
तुटलेला केस काही सांगत नाही,
मुळाशी चिकटलेलं पांढरं टिंब सांगतं.
हे मी विरपाक्षअप्पांना समजावत होते
आणि अप्पा गाईला समजावत होते,
"थांब गं गवरे, सरकारी न्हावी आलाय."

गवरी उभी राहिली.
वानेरा. अंग धुतल्या धोतरासारखं,
गालांवर काजळ फिसकटल्यागत काळं,
कपाळ फुगीर, कान लोंबते, टोकाला ती खाच.
हाळीच्या बाजारात दलालानं
रुमालाखाली अप्पांची बोटं दोनदा दाबली होती.
अप्पांनी दोन्ही वेळा हात काढून घेतला.

पाकिटावर मी नंबर लिहिला.
नावाला रकाना नव्हता.

केस कुरिअरनं गेले. दीड महिन्यानं कागद आला.
पन्नास हजार ठिकाणी चाचपून पाहिलं होतं तिला,
जिथं रुमालाखालचा हात पोचत नाही तिथं,
आणि तळाशी तीन ओळी:
देवणी सत्त्याऐंशी पूर्णांक चार.
जर्सी बारा पूर्णांक सहा.
वंशावळ नोंदीस अपात्र.

अप्पांनी कागद उलटा करून पाहिला,
मागच्या बाजूला दुसरी गाय असल्यासारखा.
"काय सांगूलालीस बाई?
हिची माय ह्याच दावणीची,
मायची माय ह्याच दावणीची.
जर्सी काय उडत आली?"

मी काडीनं जमिनीवर हिशेब मांडला.
बारा म्हणजे जवळपास आठवा हिस्सा.
आईत चौथा. आजीत अर्धा.
म्हणजे आजीचा बाप.
"आजी कधीची, अप्पा?"

अप्पांनी गोठ्याच्या मेढीवरून हात फिरवला.
"भूकंपाच्या पुढच्या सालची.
वळू विकला होता गावानं, चाराच नव्हता.
रातच्याला माजावर आल्ती हिची पणजी,
हंबरून गल्ली उठवली तिनं.
तुपला बापच आल्ता की, राजदूतवर,
मागं ते धुराचं कॅन बांधून."

त्यावर मी काही बोलले नाही.
काडी हातातच राहिली.

घरी पत्र्याची पेटी उघडली.
बाबांच्या वह्या, खाकी पुठ्ठ्याच्या,
अजून शेंगदाणा तेलाचा वास धरून.
तारीख, गाव, मालक, जनावर, कांडी.
अक्षर असं की गटविकास अधिकारी दाखवायचे सगळ्यांना.
ते पान सापडलं.
विरपाक्ष डिग्रसे. गाय, वानेरा. रात्री अकरा.
कांडीच्या रकान्यात बैलाचा नंबर असतो,
तिथं लिहिलं होतं:
होती ती.

नायट्रोजन उडत आला असणार,
कॅनच्या तळाशी शेवटची एक कांडी,
दवाखाना बावीस किलोमीटर मागं.
कंदील कुणी धरला असेल?
अप्पांनीच.
हंबरणाऱ्या गाईला काय सांगणार होता माझा बाप,
थांब, उद्या जातवंत घेऊन येतो?
खांद्यापर्यंत हात घालून त्यानं काम केलं
आणि घरी येऊन, झोपायच्या आधी,
खरं ते लिहिलं.
खोटा नंबर लिहिला असता
तर कोण पाहणार होतं?

कागद मात्र सगळं पाहतो आता.
बारा पूर्णांक सहा.
पूर्णांकाच्या पुढचं माझ्या बापाची रात्र मोजतं का,
हे विचारायला लॅबचा फोन नंबर आहे खाली,
वेळ दहा ते पाच.

दुसऱ्या दिवशी अप्पांना वही दाखवायला नेली.
त्यांना वाचता येत नाही.
बोटानं ओळ चाचपली त्यांनी, दलालासारखी,
आणि म्हणाले,
"बरं झालं, होती तरी.
नसती तर ही गवरी कुठली?"
मग जरा थांबून,
"बिल्ला मिळंना म्हण की मग."
"नाही मिळणार, अप्पा."
"जाऊ दे. कानाला भोक वाचलं."

रात्री सगळ्या वह्या चाळल्या.
त्याच उन्हाळ्यात 'होती ती' अकरा वेळा आहे,
सात गावांत.
गावांची नावं एका कागदावर उतरवली,
केसांची पाकिटं मोजून पिशवीत भरली.
उद्या पहिलं गाव कवठाळ.
तिथली गाय बालंक्या आहे, कणभर डाग नाही म्हणतात.
मालकानं आत्ताच फोन केला होता,
केस घ्यायला कधी येता म्हणून.
आवाजात फार खुशी होती.